जांभळ्या जिवाणूंची साक्ष

ओहोटीला खाडीचे पाणी ओसरले की काठाचा काळा गाळ उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास. गाळाच्या ज्या थरांत हवा पोचत नाही, तिथे मेलेले शेवाळ, पाने आणि मासे कुजत असताना हा वायू तयार होतो. बहुतेक जिवांना तो विषासारखा. पण जगभरच्या दलदलींत, डबक्यांत आणि खाऱ्या तळ्यांत, जिथे खालून हा वायू येतो आणि वरून उजेड पोचतो, तिथे गाळावर किंवा पाण्यात कधीकधी जांभळट-गुलाबी थर धरलेला दिसतो. तो थर जिवंत असतो. त्यातला एकेक जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्या पोटात गंधकाचे चकचकीत कण दिसतात.

१८३८ साली ख्रिस्तियान एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने अशाच एका लालसर सूक्ष्मजीवाचे वर्णन केले आणि लोरेन्झ ओकेन या विचारवंताच्या नावावरून त्याला ‘ओकेनाय’ म्हटले. पुढे त्याचे नाव क्रोमॅशियम ओकेनाय असे रूढ झाले. जिवाणूंच्या मानाने हा चांगलाच थोराड, शेपटासारख्या तंतूंचा झुपका हलवत पोहणारा. त्याच्या जातभाईंकडे पाहत शास्त्रज्ञांच्या तीन पिढ्या गेल्या. त्या पाहण्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि तो प्रश्न होता हिरव्या पानाबद्दलचा: आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन झाड कशातून काढते?

हे जांभळे जीव स्वतः ऑक्सिजन सोडतच नाहीत. तरीही या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची साक्ष त्यांची ठरली. ती साक्ष कशी नोंदवली गेली, कितीदा चुकीची वाचली गेली आणि अखेर कोणी नीट वाचली, त्याची ही हकीकत.

पानाचा प्रश्न

१७७१ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने मेणबत्तीने ‘खराब’ केलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने दाखवले की हवा सुधारण्याचे हे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. जिनिव्हाच्या झां सेनेबिए यांनी त्यात कार्बन डायऑक्साइडची भर घातली, तर १८०४ मध्ये निकोला द सोस्यूर यांनी वजने करून दाखवले की झाडाच्या वाढीत पाण्याचाही वाटा आहे.

म्हणजे हिशेबाच्या दोन्ही बाजू माहीत झाल्या. आत जातात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. बाहेर येतो ऑक्सिजन, आणि पानात तयार होते साखर. मात्र आत जाणाऱ्या दोन्ही पदार्थांत ऑक्सिजन आहे. बाहेर पडणारा त्यातला कोणाचा?

त्या काळच्या रसायनतज्ज्ञांना उत्तर सरळ वाटत होते. साखर म्हणजे कार्बन अधिक पाणी. ‘कार्बोहायड्रेट’ हे नावच तसे सांगते. तेव्हा पान उजेडाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइड फोडते, त्यातला ऑक्सिजन सोडून देते आणि उरलेला कार्बन पाण्याशी जोडते, असे मानले गेले. १८७० मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी या वाटेवर आधी फॉर्माल्डिहाइड तयार होत असावा, अशी कल्पना मांडली. नंतरची साठ वर्षे पाठ्यपुस्तके साधारण हाच सूर लावत होती. हिशेब जुळत होता, त्यामुळे शंका घेण्याची निकड कोणाला भासली नाही. आणि शंका घेऊनही पानाकडून उत्तर काढणे अवघडच होते; दोन्हींकडचा ऑक्सिजन सारखाच, त्यावर काही खूण नव्हती.

न जुळणाऱ्या तीन जबान्या

उत्रेख्त विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे थिओडोर विल्हेल्म एंगेलमान हे उत्तम चेलोवादक होते. संगीतकार योहानेस ब्राम्स त्यांचे स्नेही. त्यांनी आपली तिसरी स्ट्रिंग क्वार्टेट एंगेलमान यांना अर्पण केली आहे. प्रयोगशाळेतही त्यांच्याकडे तसाच नाजूक हात होता. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर त्यांनी लोलकातून फाकलेला सप्तरंगी प्रकाश पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनच्या मागे धावणारे जिवाणू सोडले. ते जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गर्दी करून राहिले. कोणत्या रंगाच्या प्रकाशात शेवाळ अधिक ऑक्सिजन सोडते, ते जिवंत आलेखासारखे समोर उमटले.

१८८३ मध्ये त्यांनी एका लालसर जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. उजेडात तो मुक्त पोहायचा. पण पोहता पोहता अंधाराच्या कडेपाशी आला की दचकून मागे फिरायचा. त्यामुळे थेंबावर प्रकाशाचा एक ठिपका पाडला तर तो ठिपका सापळाच व्हायचा: आत शिरायला आडकाठी नाही, बाहेर पडू पाहणारा मात्र कडेवरून परत. मग एंगेलमान यांनी या जांभळ्या जिवाणूंवरही सप्तरंग पाडले. ते सर्वांत दाट जमले तांबड्याच्याही पलीकडे, जिथे माणसाच्या डोळ्याला काळोख दिसतो. अवरक्त प्रकाशात त्यांना काहीतरी सापडत होते. आज आपल्याला माहीत आहे की त्यांच्याकडचे हरितद्रव्य, म्हणजे बॅक्टेरिओक्लोरोफिल, नेमका तोच प्रकाश शोषते. वरच्या थरातल्या हिरव्या शेवाळाने आपल्या उपयोगाचे रंग टिपून घेतल्यावर खाली उतरणारा हा उरलासुरला उजेड. एंगेलमान यांनी १८८८ मध्ये निष्कर्ष काढला की हे जीव वनस्पतींप्रमाणेच प्रकाशसंश्लेषण करतात. इतके बरोबर होते. पण प्रकाशसंश्लेषण आहे तिथे ऑक्सिजन असणारच, या त्यांच्या खात्रीने ते ऑक्सिजन सोडतात असेही त्यांनी म्हटले. ते चुकले.

त्याच सुमारास स्ट्रासबुर्ग येथे सर्गेई विनोग्राड्स्की हे कीवमध्ये जन्मलेले तरुण संशोधक याच जिवांकडे दुसऱ्या बाजूने पाहत होते. तेही आधी संगीताकडे वळले होते आणि मग विज्ञानाकडे आले. बेजियाटोआ हा रंगहीन जिवाणू त्यांचा मुख्य विषय. हायड्रोजन सल्फाइड मिळाला की त्याच्या पेशीत गंधकाचे कण साठतात आणि तो वायू मिळेनासा झाला की ते कण हळूहळू नाहीसे होऊन सल्फेट बनते, हे त्यांनी १८८७ मध्ये दाखवले. हा जीव गंधकाचे ज्वलन करून जगतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. खनिज पदार्थांच्या रासायनिक ऊर्जेवर जगणारे जीव असतात, हे जगाला प्रथम कळले ते या कामातून. लाल-जांभळ्या गंधक-जिवाणूंमध्येही त्यांना तेच कण दिसले, म्हणून त्यांनी त्यांनाही त्याच गोत्रात बसवले. प्रकाशाचे महत्त्व त्यांच्या मांडणीत दुय्यम राहिले. काचेच्या उभ्या नळकांड्यात गाळ, जिप्सम आणि थोडा कागदाचा लगदा घालून ते उजेडात ठेवले की काही आठवड्यांत हिरवे आणि जांभळे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर उमटतात. ‘विनोग्राड्स्की स्तंभ’ या नावाने जगभरचे विद्यार्थी आजही तो प्रयोग करतात.

तिसरी जबानी प्रागहून आली. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९०७ मध्ये जांभळ्या जिवाणूंवर एक ग्रंथच लिहिला. गंधकाशी काही देणेघेणे नसलेले जांभळे जिवाणूही असतात, हे त्यांनी दाखवले. सेंद्रिय पदार्थ आणि उजेड दिला की ते वाढत. ऑक्सिजनचा मात्र मागमूस त्यांना लागला नाही. पुन्हा पुन्हा तपासूनही नाही. तेव्हा हे प्रकाशसंश्लेषण आपल्या ओळखीचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हेच मोलिश पुढे १९२८-२९च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही महिने काम करायला आले होते आणि भारतातल्या त्या दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

एकाने उजेड पाहिला, दुसऱ्याने गंधक पाहिला, तिसऱ्याने ऑक्सिजनचा अभाव पाहिला. तिघांचेही निरीक्षण खरे होते आणि तरी तीन जबान्या एकत्र बसत नव्हत्या. १९१९ मध्ये योहानेस बुडर यांनी त्या सांधण्याचा प्रयत्न केला: जांभळ्या गंधक-जिवाणूंना प्रकाशही लागतो आणि सल्फाइडही, आणि दोन्हींचा मिळून एकच व्यवहार असावा. दिशा योग्य होती. पण त्याला शुद्ध वाण आणि काटेकोर मोजमाप यांचा आधार अजून मिळायचा होता.

डेल्फ्टची शिकवण

तो आधार पुढे ज्यांनी दिला, त्या कॉर्नेलिस व्हान नील यांचा जन्म १८९७ साली नेदरलँड्समधल्या हार्लेम येथे झाला. शाळकरी वयात सुट्टीत एका स्नेह्याच्या मोठ्या शेतीवर त्यांनी जमिनीवरचे प्रयोग पाहिले. प्रश्न विचारावा, त्यासाठी प्रयोग रचावा आणि निसर्गाकडून बऱ्यापैकी पक्के उत्तर मिळवावे, ही गोष्ट त्या मुलाला विलक्षण वाटली. ते नवल त्यांना जन्मभर पुरले.

डेल्फ्टमध्ये ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लायव्हर यांचे साहाय्यक झाले. क्लायव्हर यांच्या मनात एक मोठा विचार घोळत होता आणि १९२६ मध्ये त्यांनी तो मांडला: जीवसृष्टी वरवर कितीही नाना रूपांची दिसली तरी पेशीच्या आतले रसायन मुळात एकच आहे. आंबवण असो, श्वसन असो, सगळीकडे एका रेणूवरून हायड्रोजन निघतो आणि दुसऱ्यावर जातो. देणारा कोण आणि घेणारा कोण, एवढे बदलते. देण्याघेण्याची रीत तीच.

त्याच प्रयोगशाळेत व्हान नील यांनी १९२८ मध्ये प्रोपिऑनिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंवर प्रबंध पूर्ण केला. स्विस चीजला भोके पाडतात ते हे जिवाणू. लोण्याच्या सुगंधामागे डायअसिटिल हा पदार्थ आहे, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह शोधले. जांभळ्या जिवाणूंशी त्यांची गाठ डेल्फ्टमध्येच पडली होती. कोणत्या जिवाणूला काय मानवते ते ओळखून नेमकी तीच परिस्थिती निर्माण करायची, म्हणजे मूठभर गाळातल्या हजारो जातींतून हवा तोच जीव वर येतो. क्लायव्हर यांच्या आधीचे तिथले प्राध्यापक बायेरिंक यांनी घालून दिलेली डेल्फ्टची ही रीत त्यांच्या हातात बसली होती.

१९२८च्या अखेरीस लौरेन्स बास बेकिंग या डच शास्त्रज्ञाच्या आमंत्रणावरून ते अमेरिकेला निघाले. मुक्काम होता कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे पॅसिफिक ग्रोव्ह. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॉपकिन्स सागरी केंद्र तिथे माँटेरेच्या उपसागराकाठी खडकांवर उभे आहे. उरलेले सगळे आयुष्य त्यांनी त्याच परिसरात काढले.

काठोकाठ भरलेल्या बाटल्या

व्हान नील यांच्या प्रयोगाचे साहित्य आज एखाद्या शाळेलाही परवडेल. काचेचे बूच असलेल्या बाटल्या, पाणी, काही क्षार, बायकार्बोनेट, सोडियम सल्फाइड आणि विजेचा दिवा. बाटली अगदी काठोकाठ भरायची, बुचाखाली हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. त्यात गाळाचे थोडेसे विरजण आणि मग सतत उजेड. काही दिवसांत पाणी आधी दुधाळ होई, कारण सल्फाइडमधून निघालेला गंधक पेशींत साठे. पुढे दुधाळपणा ओसरे आणि लाल रंग चढे, कारण साठवलेला गंधक वापरला जाऊन त्याचे सल्फेट होई. तिथून पुन्हा पुन्हा वेगळे करत त्यांनी एकेका जातीचे शुद्ध वाण मिळवले. क्रोमॅशियम कुळातले जांभळे जिवाणू त्यात होते, तसेच हिरवे गंधक-जिवाणूही होते. हे हिरवे जिवाणू गंधक पोटात ठेवत नाहीत, पेशीबाहेर टाकतात.

मग त्यांनी मोजायला घेतले. उजेड काढून घेतला, वाढ थांबली. सल्फाइड दिला नाही, वाढ नाही. बाटलीत हवा नव्हती, तेव्हा विनोग्राड्स्कींच्या बेजियाटोआप्रमाणे गंधक हवेतल्या ऑक्सिजनने जळत असण्याचा प्रश्नच नव्हता. ऑक्सिजन बाहेरही पडत नव्हता. मोलिश यांचे म्हणणे इथे टिकले. आणि सल्फाइड किती खर्च झाला व कार्बन डायऑक्साइड किती पेशींत मुरला, यांचे प्रमाण ठरलेले निघाले. सल्फाइडचे गंधकात रूपांतर होऊन व्यवहार तिथेच थांबला, तर कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे सल्फाइडचे दोन रेणू लागत. तो पुढे सल्फेटपर्यंत गेला, तर सल्फाइडच्या एकाच रेणूत कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू भागत. हायड्रोजनच्या देण्याघेण्याचा हिशेब मांडला की नेमके असेच उत्तर यायला हवे.

क्लायव्हर यांची शिकवण इथे कामी आली. जांभळ्या जिवाणूचा व्यवहार असा मांडता येत होता: हायड्रोजन सल्फाइडने हायड्रोजन दिला, कार्बन डायऑक्साइडने तो घेतला, प्रकाशाने हे देणेघेणे घडवले, आणि देणाऱ्याकडे मागे उरला गंधक.

व्हान नील यांनी ही मांडणी हिरव्या पानाच्या मांडणीशेजारी ठेवून पाहिली. हायड्रोजन सल्फाइडच्या जागी पाणी. दोघांच्या रेणूंत हायड्रोजनचे दोन अणू. एकात सोबत गंधक, दुसऱ्यात सोबत ऑक्सिजन. आवर्त सारणीत ऑक्सिजन आणि गंधक एकाच उभ्या रांगेत एकाखाली एक बसतात, एकाच घराण्यातले. जिवाणूने सल्फाइडमधून हायड्रोजन काढला की गंधक मागे राहतो. मग पानाने पाण्यातून हायड्रोजन काढला तर मागे काय राहील? ऑक्सिजन.

म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला असण्याचे कारण नाही. तो पाण्यातला.

या मांडणीत एक बारकावा आहे. ऑक्सिजन वायूचा एक रेणू दोन अणूंचा असतो. ते दोन्ही पाण्यातून यायचे तर पाण्याचे दोन रेणू खर्ची पडले पाहिजेत. जुन्या समीकरणात कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचा एकच रेणू होता. व्हान नील यांच्या समीकरणात दोन रेणू आत जातात आणि एक नवा रेणू बाहेरच्या बाजूला तयार होतो. गणिताच्या विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंचा समान भाग काटायचा मोह होईल. तो काटला तर सगळा अर्थ पुसला जातो, कारण आत गेलेले पाणी आणि बाहेर आलेले पाणी एक नव्हे.

१९३१ मध्ये जांभळ्या आणि हिरव्या गंधक-जिवाणूंवरचा त्यांचा विस्तृत लेख एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात प्रकाशसंश्लेषणाचे एकच सर्वसाधारण सूत्र होते. त्यात हायड्रोजन देणाऱ्याची जागा मोकळी ठेवलेली होती. तिथे पाणी घाला, सल्फाइड घाला किंवा एखादा सेंद्रिय पदार्थ घाला. तिसऱ्या शक्यतेचा पुरावा १९४० मध्ये मिळाला. जांभळ्या जिवाणूंना आयसोप्रोपॅनॉल दिले तेव्हा त्यांनी त्यातला हायड्रोजन काढून ॲसिटोन मागे सोडले. एंगेलमान, विनोग्राड्स्की आणि मोलिश यांच्या तिन्ही जबान्या आता एका वाक्यात मावत होत्या.

खूण केलेले पाणी

सादृश्य म्हणजे पुरावा नव्हे. जिवाणू असे करतो म्हणून पानही तसेच करत असेल, हा तर्क देखणा होता, पण तर्कच होता. आधाराचा पहिला खांब केंब्रिजमधून आला. १९३७ मध्ये रॉबिन हिल यांनी पाने वाटून त्यातली हरितलवके वेगळी केली, त्यांना लोहाचा एक क्षार दिला आणि उजेडात ठेवले. ऑक्सिजन निघाला. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडची गरजही पडली नाही. हायड्रोजन घेणारा दुसरा कोणी मिळाला तरी हरितलवक ऑक्सिजन सोडत होते. ऑक्सिजन निघणे आणि कार्बन डायऑक्साइड मुरणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यावरून दिसले.

शेवटचा पुरावा बर्कलेत मिळाला. निसर्गात ऑक्सिजनच्या अणूंत थोडेसे जड अणूही असतात, ज्यांचे वजन सोळाऐवजी अठरा. सॅम रुबेन आणि मार्टिन केमेन या तरुण रसायनतज्ज्ञांनी फेब्रुवारी १९४० मध्ये कार्बन-१४ शोधून काढला होता, तेव्हा अणूंवर खूण करून त्यांचा माग काढण्यात त्यांचा हात तयार होता. मेरल रँडल आणि जेम्स हाइड यांच्यासह त्यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळाला असे पाणी दिले की ज्यात जड ऑक्सिजन नेहमीच्या ०.२० टक्क्यांऐवजी ०.८५ टक्के होता. बाहेर पडलेला ऑक्सिजन तपासला, तर त्यात जड अणूंचे प्रमाण पाण्याइतकेच. उलट कार्बोनेटमध्ये खूण घातली तर ती बाहेरच्या वायूत उमटली नाही. १९४१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सोव्हिएत संघात विनोग्रादोव आणि टाइस यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवले.

प्रीस्टली यांच्या पुदिन्यानंतर १७० वर्षांनी प्रश्नाला उत्तर मिळाले. ते पानाकडून नक्की करून घ्यायला जड ऑक्सिजन लागला; पण काय विचारायचे हे दहा वर्षे आधी जांभळ्या जिवाणूंनी सांगून ठेवले होते.

ज्यांनी उत्तर पक्के केले त्यांपैकी दोघांचे पुढचे दिवस कठीण गेले. युद्धकाळातल्या विषारी वायूंवरील संशोधनात फॉस्जीनचा अपघात होऊन सप्टेंबर १९४३ मध्ये रुबेन गेले. वय अवघे २९. केमेन यांना १९४४ मध्ये निराधार संशयावरून बर्कलेतून काढून टाकण्यात आले आणि आपले नाव स्वच्छ करून घ्यायला त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. मात्र काम सुटले नाही. १९४९ मध्ये सेंट लुइस येथे हॉवर्ड गेस्ट यांच्यासह ते पुन्हा एका जांभळ्या जिवाणूकडेच वळले आणि रोडोस्पायरिलम रुब्रम हा जीव हवेतला नायट्रोजनही बांधून घेतो, हे त्यांनी दाखवले.

शिक्षक आणि त्याची चूक

व्हान नील यांनी पुढे गंधकाशी संबंध नसलेल्या जांभळ्या जिवाणूंचे दीडशेहून अधिक वाण गोळा केले. १९४४ साली त्यांनी त्या सगळ्या गोतावळ्याची छाननी करून तो अवघ्या सहा प्रजातींत बसवला. उन्हाळ्यात ते पॅसिफिक ग्रोव्हला सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग घेत. वर्ग लहान, विद्यार्थी मोजके, शिकवणे तासन्‌तास चाले. आणि पूर्वी कोणी काय पाहिले, कुठे चुकले, का चुकले, ही सगळी वाट विद्यार्थ्यांना त्यांच्यासोबत पुन्हा चालावी लागे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉजर स्टेनियर या वर्गातून तयार झाले. आर्थर कॉर्नबर्ग १९५३ मध्ये, नामांकित संशोधक असतानाही, तिथे विद्यार्थी म्हणून येऊन बसले आणि पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हान नील यांची एक चूकही सांगायला हवी, कारण ती त्यांच्या बरोबर असण्याइतकीच शिकवून जाते. एकतेचा धागा त्यांनी एक पाऊल जास्त ओढला. सर्व प्रकाशसंश्लेषणात, अगदी जांभळ्या जिवाणूंतही, प्रकाश पाणीच फोडत असावा आणि सल्फाइड केवळ नंतर निस्तरण्याच्या कामी येत असावा, असे त्यांनी पुढे मांडले. नंतरच्या संशोधनात ते टिकले नाही. जांभळ्या जिवाणूकडे पाणी फोडण्याची यंत्रणाच नाही. पाण्याने हायड्रोजन घट्ट धरलेला असतो, सल्फाइडने सैल. पाणी फोडायला हिरव्या वनस्पती प्रकाशाची दोन केंद्रे एकापुढे एक जोडतात. जांभळ्या जिवाणूकडे एकच केंद्र असते, आणि त्यात इलेक्ट्रॉन बऱ्याच अंशी चक्राकार फिरून ऊर्जा देतात. व्हान नील यांनी पुढे ही मांडणी मागे घेतली. १९३१ चा गाभा त्याने हलला नाही: पानातला ऑक्सिजन पाण्यातलाच.

एकच साधे केंद्र असल्यामुळे या जिवाणूंनी आणखी एक साक्ष दिली. प्रकाश पकडणारे प्रथिन पेशीच्या पटलात रुतलेले असते आणि अशा प्रथिनांचे स्फटिक होतच नाहीत, असा समज होता. म्युनिकजवळ मार्टिन्सरीड येथे हार्टमुट मिशेल यांनी रोडोस्यूडोमोनास व्हिरिडिस या जिवाणूचे केंद्र वेगळे काढून त्याचे स्फटिक बनवले आणि १९८२ मध्ये ते जाहीर केले. योहान डायसेनहोफर आणि रॉबर्ट हुबर यांच्यासह त्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना अणू-अणूच्या पातळीवर उलगडली. पटलातल्या प्रथिनाचे इतके स्पष्ट चित्र माणसाने प्रथमच पाहिले. १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. व्हान नील मार्च १९८५ मध्ये गेले; रचनेचा तपशीलवार लेख त्याच वर्षाच्या अखेरीस छापून आला.

पोटातला कण

या जिवांचा वंश फार जुना. ओकेनाय प्रजातीत ‘ओकेनोन’ नावाचे तांबडे रंगद्रव्य असते. त्याचे अवशेष उत्तर ऑस्ट्रेलियातल्या १६४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत. तेव्हाच्या त्या समुद्रात सल्फाइडने भरलेल्या पाण्यापर्यंत ऊन पोचत होते आणि तिथे जांभळा थर होता, असा त्याचा अर्थ. तसा थर आजही पाहता येतो. स्विस आल्प्समध्ये सुमारे १,९०० मीटर उंचीवर काडान्यो नावाचे तळे आहे. त्याच्या तळाचे क्षारयुक्त जड पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही. सुमारे बारा मीटर खोलीवर, जिथे वरून उजेड संपत येतो आणि खालून सल्फाइड येऊ लागतो, तिथे पाणी गुलाबी होते. त्यात क्रोमॅशियम ओकेनायचे थवे पोहत असतात, इतके की त्यांच्या वरखाली पोहण्याने तो थर अक्षरशः ढवळला जातो.

एरेनबर्ग यांच्यापासून व्हान नील यांच्यापर्यंत या जीवकुळाला न्याहाळणाऱ्या बहुतेकांना त्याच्या पोटातले गंधकाचे कण दिसत होते. विनोग्राड्स्की यांनी ते साठताना आणि विरताना पाहिले, टिपून ठेवले. ते कण लपलेले कधीच नव्हते. ते कशाच्या जागी आहेत, हे मात्र पानाच्या शेजारी ठेवून पाहिल्यावरच उमगले. पान आपला ऑक्सिजन हवेत सोडते आणि तो दिसेनासा होतो. कोणता अणू कुठून आला ते विचारायला मागे काही उरत नाही. जांभळ्या जिवाणूच्या व्यवहारात ऑक्सिजनच्या जागी गंधक असतो, आणि गंधक उडून जात नाही. तो पेशीतच राहतो, चकचकतो, मोजता येतो. आपल्या श्वासाचा उगम विचारायला माणूस दीडशे वर्षे पानाकडे पाहत राहिला, आणि त्याचे उत्तर दलदलीच्या चिखलात, उग्र वासाच्या थेंबात, एका जिवाणूच्या पोटात कण होऊन पडले होते.